दिव्यांग मूल वाढवणाऱ्या खेड्यातल्या आयांना आधार: घरात नेमकं काय करायचं?

उंबरठा

खेड्यात दिव्यांग मूल वाढवणाऱ्या आईच्या घरी गेलं की बहुतेक वेळा ती एक कागद काढून दाखवते. लांबच्या मोठ्या दवाखान्यातून मिळालेला. त्यावर दहा-बारा व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी वीस वेळा. हिशेब केला तर रोजचे दोन-अडीच तास. पाणी भरणं, शेत, जनावरं, स्वयंपाक, बाकीची मुलं यातून हे तास कुठून काढायचे, ते कागदावर नसतं. महिन्याभरात व्यायाम बंद पडतात आणि पुढच्या तपासणीला 'आई लक्ष देत नाही' असा शेरा बसतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. लक्ष भरपूर असतं, कमी असतो तो वेळ.

गावपातळीवर घरभेटी देणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी हा चर्चेचा धागा काढतेय. भर सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या पक्षाघाताच्या) मुलांवर आहे, कारण शारीरिक श्रम तिथे सर्वात जास्त. बाकीच्यांविषयीही लिहा.

माझ्याकडून सुरुवात. पहिल्या भेटीत व्यायाम शिकवूच नये. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा' एवढंच विचारावं आणि ऐकताना तास मांडत जावं. मुलाला किती वेळा उचललं, भरवायला किती वेळ गेला, रात्री किती वेळा उठावं लागलं, त्या वेळात घरातलं दुसरं कोण काय करत होतं. पुष्कळ घरांत सर्वात मोठा आकडा भरवण्याचा निघतो, एकेका वेळेला तास-तास. मग पहिला बदल तिथेच करायचा. आईचा तास वाचला की तिचा आपल्यावर विश्वास बसतो, आणि वाचलेला वेळ पुढच्या कामाला येतो.

दुसरं, एका भेटीत दोनच गोष्टी सांगायच्या, आणि त्या ती एरवीही करतेच अशा कामात बसणाऱ्या हव्यात. लंगोट बदलताना दोन्ही गुडघे वाकवून मांड्या हळूहळू बाहेर उघडायच्या आणि वीस आकडे मोजेपर्यंत तशाच धरायच्या. कपडे घालताना कडक हात आधी आत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. दिवसात हे पाच-सहा वेळा आपोआप होतं, वेगळी चटई अंथरावी लागत नाही.

रानजाई

भरवण्याचं मी लिहिते. इथे वेळ तर जातोच, पण चुकीचं भरवणं थेट फुप्फुसावर येतं.

बहुतेक आया मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवतात. तान्ह्या बाळाची सवय तशीच पुढे राहते, शिवाय तोंड उघडं राहतं म्हणून सोपंही वाटतं. पण मान मागे गेली की श्वासनलिकेचा रस्ता मोकळा होतो आणि पातळ पदार्थ गिळण्याआधीच घशात ओघळतो. ठसका, भरून आलेले डोळे, खाल्ल्यावर घरघरणारा ओला आवाज, ओठांचा बदललेला रंग, वरचेवर ताप आणि छाती भरणं या त्याच्या खुणा. काही मुलांना ठसकासुद्धा लागत नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात उतरतं. म्हणून 'ठसका लागत नाही, म्हणजे ठीक आहे' असं धरू नका. वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झाला असेल तर गिळण्याची तपासणी व्हायलाच हवी.

बसवायचं असं: कंबर साधारण काटकोनात वाकलेली, खांदे आणि हात पुढे, पाठ टेकलेली, हनुवटी किंचित खाली. कंबर वाकवली की पुष्कळ मुलांचा मागे ताणण्याचा जोर आपोआप उतरतो. भरवणारी व्यक्ती मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडी खाली बसावी. उभं राहून भरवलं तर मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते.

चमचा उथळ आणि मजबूत हवा. पातळ प्लॅस्टिकचा चमचा चावला तर तुकडा तोंडात राहतो. घास चमच्याच्या पुढच्या अर्ध्या भागातच. चमचा समोरून, किंचित खालून आणायचा, जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबायचा आणि वरचा ओठ खाली येण्याची वाट बघायची. मग सरळ बाहेर. वरच्या दातांवर घासून घास आत 'सोडायचा' नाही, त्याने ओठ काम करायला शिकत नाही आणि मान मागे जाते. गळ्याकडे बघा, घास उतरलेला दिसल्याशिवाय पुढचा नाही.

जबडा लटकत असेल तर हाताचा आधार द्यायचा. समोर बसलात तर अंगठा खालच्या ओठाच्या आणि हनुवटीच्या मधे, पहिलं बोट जबड्याच्या सांध्याकडे गालावर, मधलं बोट हनुवटीखाली. दाबायचं नाही, फक्त धरून ठेवायचं. पहिले दोन-तीन दिवस मूल तक्रार करतं.

घासाचा दाटपणा हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. साधं पाणी गिळायला सर्वात अवघड, कारण ते सर्वात वेगाने धावतं. त्याहून अवघड म्हणजे पातळ रसात तरंगणारे घट्ट तुकडे, कारण एकाच घासात दोन वेगळी कामं करावी लागतात. एकजीव, गुठळ्या नसलेला, चमचा तिरपा केला की आकार न मोडता सरकून पडणारा घास सुरुवातीला बरा. चमच्याला चिकटूनच राहिला तर तो फार घट्ट आहे, टाळूला जाऊन बसेल.

एका वेळेचं जेवण अर्ध्या तासात आटपायचं. त्यापुढे मूल दमतं, दमलेलं मूल नीट गिळत नाही आणि आईचाही धीर सुटतो. पोट भरत नसेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. दर वेळी एक लहान चमचा, म्हणजे 5 मिली, तेल किंवा तूप मिसळलं तर सुमारे 40 कॅलरी वाढतात आणि घास मऊ होतो. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. महिन्यातून एकदा वजन करा. सलग दोन महिने वजन थांबलं किंवा उतरलं तर नुसतं घरच्या उपायांवर राहू नका.

सुतारपक्षी

रानजाई म्हणतात तसं बसवायचं तर आईचे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे खुर्ची हवी. विकतचीच हवी असं नाही. पुठ्ठा आणि खळ वापरून पक्की बैठक तयार होते. झिम्बाब्वेत हे तंत्र विकसित झालं आणि तिथून बऱ्याच देशांत दिव्यांग मुलांची साधनं करायला वापरलं गेलं.

आधी मापं, मूल बसलेल्या स्थितीत घ्यायची:
- कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. यातून दोन बोटं वजा केली की बैठकीची खोली.
- खळगीपासून टाचेपर्यंत: बैठकीची उंची.
- कुल्ल्यांची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना एकेक बोट.
- बैठकीपासून कोपरापर्यंत: समोरच्या फळीची उंची.

सर्वात जास्त चुकते ती खोली. 'वाढतं अंग आहे' म्हणून बैठक खोल करतात. मग गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत, कंबर पुढे घसरते, पाठ बाकदार होते, आणि आईला दर पाच मिनिटांनी मूल वर ओढावं लागतं. वाढत्या अंगासाठी बैठक नेमकी मापाची करा आणि पाय ठेवायची पाटी वेगळी ठेवा, म्हणजे ती बदलता येईल. पाय लोंबकळत राहिले तर ताठरपणा वाढतो. तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत.

खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या. एका थराच्या पन्हाळी उभ्या, पुढच्या थराच्या आडव्या, असं आलटून पालटून चिकटवा. सगळ्या एकाच दिशेने गेल्या तर खुर्ची त्या रेषेवर दुमडते. बाजूंना तीन-चार थर, बैठकीला त्याहून जास्त. खळीसाठी एक वाटी पीठ थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. प्रत्येक थर चिकटवला की सपाट जमिनीवर वजनाखाली ठेवून वाळवा, नाहीतर पत्रावळीसारखा वाकतो. सांधे कागदाच्या पट्ट्यांनी आतून-बाहेरून बांधा. पूर्ण वाळायला उन्हाळ्यातसुद्धा आठवडा-दोन आठवडे लागतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आतला ओलावा राहून बुरशी धरते. शेवटी तैलरंग किंवा वॉर्निशचे दोन हात, तळाला विशेष, कारण जमिनीची ओल तिथून चढते.

मूल बसवण्याआधी मोठ्या माणसाने त्यावर बसून बघायचं. कुरकुरली तर अजून थर हवेत.

पट्टा पोटावरून घ्यायचा नाही. बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून काढून मांड्यांच्या मुळाशी, तिरपा. छातीचा एकच पट्टा बांधला आणि मूल खाली घसरलं तर तो गळ्याशी येतो. कमरेचा पट्टा नसताना छातीचा पट्टा कधीही लावू नका.

पायवाट

सुतारपक्षी, उत्तम. एक भर. खुर्ची झाली की मूल दिवसभर तिच्यातच राहतं, हा धोका प्रत्येक घरी सांगावा लागतो. अर्धा-पाऊण तास झाला की स्थिती बदलायची: बसणं, कुशीवर, पालथं छातीखाली गुंडाळी घेऊन, उभं. एकाच स्थितीत राहिलेलं मूल त्याच आकारात आखडत जातं. हाडावरच्या कातडीवर लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर जखमेची ती पहिली पायरी आहे. तिथला दाब पूर्ण काढा, चोळू नका.

आता खुब्याविषयी, म्हणजे मांडी कंबरेला जिथे जोडते त्या सांध्याविषयी, जे गावात कुणी सांगत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल पाच पातळ्यांत मोजतात. ही पद्धत 1997 पासून वापरात आहे. पहिल्या पातळीवर मूल विनाआधार चालतं, पाचव्या पातळीवर मानही नीट धरत नाही. पातळीचा आकडा जितका मोठा तितका खुबा निखळण्याचा धोका जास्त. पाचव्या पातळीवर दहांपैकी नऊ मुलांत खुबा जागचा सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिसऱ्या पातळीपासून पुढच्या मुलांचा कमरेचा एक्स-रे दोन वर्षांच्या आसपास पहिल्यांदा आणि मग साधारण दरवर्षी काढावा. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडू लागली, एक पाय आखूड दिसू लागला, तर वर्षाची वाट बघू नका.

उभं करणं: आधाराच्या चौकटीत, टाचा टेकलेल्या, पाय किंचित फाकलेले. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू अर्ध्या-पाऊण तासापर्यंत. समोर फळी आणि तिच्यावर काहीतरी करायला हवं. नुसतं भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं मूल रडणारच. टाच टेकत नसेल तर गुडघा दाबून टेकवू नका, तळपाय मधेच मोडल्यासारखा सपाट होतो. टाचेखाली लाकडाची पाचर द्या.

मालिशविषयी थोडं कठोर लिहितो. मालिशने मूल शांत होतं, आईचा स्पर्श मिळतो, ते चांगलंच आहे. पण चोळून आखडलेला स्नायू लांब होत नाही, आणि जोर लावून पाय सरळ करणं धोक्याचं आहे. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, मांडीचं हाड मोडतं. नाकात-कानात तेल घालणं पूर्ण बंद. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो, तो साध्या औषधांना दाद देत नाही. आणि चाकांचा गोल पांगुळगाडा नको. मूल त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, टाच आणखी वर जाते.

ओंजळ

इथवर सगळं मुलाविषयी झालं. धाग्याच्या नावात आई आहे, तर तिच्या शरीराविषयी.

दहा-बारा वर्षांचं न चालणारं मूल वीस किलोच्या आसपास असतं. ते दिवसातून पंधरा-वीस वेळा जमिनीवरून उचलायचं. तिची कंबर गेली की घरातली मुलाची सगळी काळजी थांबते. तरीही तपासणीत तिची पाठ कुणी विचारत नाही.

उचलण्याआधी मुलाला कुशीवर वळवा, त्याचे गुडघे आणि कंबर वाकवा. ताठ मूल सरळ ओंडक्यासारखं उचललं तर दुप्पट जड लागतं आणि मागे उसळतं. एक गुडघा जमिनीला टेकून, मुलाला अगदी छातीशी धरून, आधी मांडीवर घ्या, श्वास घ्या, मग पायांच्या जोरावर उठा. वाकलेल्या स्थितीत कंबर फिरवायची नाही, पावलं टाकून वळायचं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उचलण्याच्या खेपा कमी करणं. अंथरुण आईच्या मांडीच्या उंचीवर आणलं की दिवसातलं बरंचसं वाकणं जातं. तीन बाजूंना कठडा हवा, वरून पडण्याची भीती खरी आहे. अंघोळीला जाळीची तिरकी बैठक. एका जागेवरून दुसरीकडे न्यायला गुळगुळीत जाड कापडावर ठेवून दोघांनी सरकवणं. मोठं मूल एकटीने उचलायचं नाहीच, हे घरातल्या पुरुषांसमोर सांगायचं. आईला बाजूला घेऊन सांगितलं तर ते तिच्यापाशीच राहतं.

बाळंतपणानंतर लगेच जड उचलत राहिल्याने अंग खाली येतं, म्हणजे गर्भाशय सरकतं. खोकताना लघवी निसटणं, बसताना खाली काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. बायका हे वर्षानुवर्षं बोलत नाहीत. भेटीत नावानिशी विचारा: 'अंग खाली आल्यासारखं वाटतं का?' तिच्याच शब्दांत विचारलं तर उत्तर मिळतं.

वडिलांना 'मदत करा' असं मोघम सांगू नका. ठरलेली कामं द्या: खुर्ची करणं, संध्याकाळचं उभं करणं, औषध संपायच्या पंधरा दिवस आधी आणणं. काम नावावर असलं की होतं.

कंदील

औषधांचा विषय निघालाच आहे तर आकडीविषयी.

आकडी आवाक्यात न राहण्याचं सर्वात साधं कारण म्हणजे चुकलेला डोस. गावात त्याची मुळं तीन: औषध संपणं, माप चुकणं, 'महिनाभर आली नाही' म्हणून स्वतःहून बंद करणं. आकडीचं औषध अचानक बंद केलं तर न थांबणारी आकडी येऊ शकते. कमी करायचं तेही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, टप्प्याटप्प्याने.

मापाचं नीट बघा. फेनिटॉइन किंवा कार्बामेझेपिन या आकडीच्या औषधांचं पातळ औषध बाटलीत खाली बसतं. न हलवता दिलं तर बाटली भरलेली असताना मूल कमी औषध घेतं आणि आकडी येते, तळाशी पोचल्यावर जास्त घेतं आणि गुंगीत राहतं. आईला वाटतं औषधच वाईट. दर वेळी बाटली चांगली हलवायची आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजायची. स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो. डोसाच्या रेषेवर सिरिंजला रंगीत चिकटपट्टी लावली की वाचता न येणाऱ्या आजीलाही देता येतं. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, तेव्हा दात दोनदा घासणं हाही उपचाराचाच भाग.

आकडी आली की घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर दवाखाना. नाकात फवारायचं किंवा गालात सोडायचं तातडीचं औषध अशा वेळी चालतं. लांबच्या गावात राहणाऱ्यांनी डॉक्टरांकडे ते आवर्जून मागावं, डोस लिहून घ्यावा.

आणि ही एक ओळ सगळ्यांनी पाठ करा: तीन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर ओळीने डोकं पुढे टाकतं, हात फाकवून गोळा होतं, पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा तेच, तर ते पोट दुखणं किंवा दचकणं नाही. ही वेगळ्या प्रकारची आकडी आहे. उपचार आहे, पण उशीर झाला तर बाळाची समज मागे जाते. मोबाइलवर चित्रण करून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तपासताना डॉक्टरांसमोर ती क्वचितच येते, म्हणून चित्रण लागतं.

मोरपीस

'त्याला काही कळत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आधी कान आणि डोळे तपासलेत का? जन्मानंतरच्या तीव्र काविळीने ज्यांच्या मेंदूला इजा झाली त्यांच्यात बहिरेपणा खूप आढळतो. न ऐकणाऱ्या मुलाला 'समज नाही' ठरवून मोकळं होऊ नका.

मेंदूमुळे नजर अधू असलेल्या मुलांचे डोळे दिसायला ठीक असतात. अशा मुलाला रंगीबेरंगी पसाऱ्यातलं खेळणं दिसत नाही. साधी एकरंगी चादर, तिच्यावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू, हळू हलवलेली. वस्तूकडे बघून मूल नजर फिरवतं आणि हात पुढे करतं, तेव्हा आईला वाटतं ते बघत नाही. प्रत्यक्षात ते तसंच बघत असतं.

निवड शिकवायला दोन वस्तू घ्या, साधारण एक फूट अंतरावर, मुलाच्या डोळ्यांसमोर. 'कुठलं हवं?' विचारून मनात दहा आकडे मोजा. या दहा आकड्यांतच सगळे चुकतात, तीन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकतो. ज्या मुलाचं अंग उशिरा साथ देतं त्याचं उत्तर सातव्या-आठव्या सेकंदाला येत असतं. नजर गेली ती वस्तू लगेच द्यायची, चुकून गेली असं वाटलं तरी. अंघोळीचा तांब्या की टॉवेल, हा शर्ट की तो. याला वेगळा वेळ लागत नाही.

हालचाल चांगली पण बोलणं आणि संवाद वेगळा, अशी स्वमग्न मुलंही गावात असतात. त्यांच्या आईचा ताण उचलण्याचा नसतो, नजर ठेवण्याचा असतो. पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते. विहीर, तळं, पाट कुठे आहे ते पहिल्याच भेटीत बघा. दाराला हाताला न पोचणारी कडी आणि दार उघडताच वाजणारी घंटी या दोन गोष्टींनी आईला रात्रीची झोप मिळते. मूल सापडत नसेल तर आधी पाण्याकडे धावायचं, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

उंबरठा

आयांच्या गटाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

आठ ते दहा आया, मुलांसह. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन-अडीच तास. प्रत्येक बैठकीला एकच विषय: उचलणं, भरवणं, बसवणं, आकडी, बोलणं. शिकवायला एक प्रशिक्षित व्यक्ती आणि तिच्या बरोबरीने अशाच मुलाची अनुभवी आई. ही जोडी महत्त्वाची आहे. 'घरी हे कसं जमवायचं' याचं खरं उत्तर दुसऱ्या आईकडेच असतं.

गट का मोडतो तेही सांगते. जागा लांब किंवा पायऱ्यांची. शेतीच्या हंगामात ठेवलेली बैठक. भावंडांना सांभाळायला कुणी नसणं. पहिल्याच बैठकीला वस्तू वाटणं, मग पुढच्या वेळी वस्तू नाही म्हणून कुणी येत नाही. दोन तास भाषण, मुलांना हात कुणीच लावत नाही. आणि सर्वात वाईट म्हणजे रडणाऱ्या आईचा फोटो. फोन पिशवीत ठेवायचे हा पहिला नियम करा.

दोष कुणाचा, हा प्रश्न पहिल्या-दुसऱ्या बैठकीत निघतोच. स्पष्ट बोला: वेळेआधी जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही कारणं असतात आणि बऱ्याच मुलांत कारण सापडतच नाही. आईने काही पाप केलं, काही पाळलं नाही, म्हणून हे होत नाही. हे सासरच्या माणसांसमोर, शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं गेलं तर घरातलं वागणं बदलतं.

प्रत्येक आईची एक प्लॅस्टिकची फाइल करून द्या. वरच्या पानावर मुलाचं वजन, औषधं आणि मिलिलिटरमधले डोस, शेवटची आकडी, शेवटचा एक्स-रे. नवीन डॉक्टरांपुढे सगळं पहिल्यापासून सांगण्यात तिची तपासणीची दहा मिनिटं संपतात.

पायवाट

व्हीलचेअरबद्दल थोडक्यात. मापाची नसेल तर घेऊ नका, रुंद खुर्चीत मूल एका बाजूला कलून पाठीचा कणा वाकतो. खडबडीत रस्त्याला पुढचं चाक मोठं आणि हवेचं हवं. लहान टणक चाक दगडाला अडून खुर्ची पुढे उलटते. मागच्या चाकाची ट्यूब गावातल्या सायकलवाल्याकडे मिळणाऱ्या मापाची आहे का ते घेण्याआधी बघा. ब्रेक आणि गादी महिन्यातून एकदा तपासा. दबलेली गादी उलटी करून वापरत राहू नये.

ओंजळ

एक प्रश्न विचारते, बऱ्याच घरांतून येतो. मूल रात्रभर रडतं, आई तीन-चार तासांच्या वर झोपत नाही. कुठून सुरुवात करायची?

कंदील

आधी पोट. बद्धकोष्ठ हे सर्वात जास्त सापडणारं आणि सर्वात जास्त सुटणारं कारण. खडा अडकला की त्याच्या बाजूने पातळ मल गळतो, घरचे जुलाब समजून पाणी आणि खाणं कमी करतात, खडा आणखी घट्ट होतो. शेवटचं घट्ट शौच कधी झालं ते विचारा, डावीकडे ओटीपोटात गाठीगाठी लागतात का बघा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पाय टेकवून, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर ठेवून पाच-दहा मिनिटं बसवायचं, रोज त्याच वेळी. पाणी दिवसभरात थोडं थोडं, पातळ झेपत नसेल तर दाट करून. आठवड्यात फरक नाही तर मल मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून, आणि ते काही महिने चालू ठेवावं लागतं. दोन दिवसांत बंद केलं की पुन्हा तेच.

मग जळजळ: आडवं केल्यावर रडतं, पाठीची कमान करतं, तोंडाला आंबट वास. अंथरुणाचं डोक्याकडचं टोक खालून विटा देऊन वीतभर उंच करा. नुसती उशी दिली तर मान वाकते आणि पोट दबतं. मग दात, कान. मग खुबा: लंगोट बदलताना किंवा कूस बदलताना किंचाळतं का? यातलं काहीच नसेल तर रात्रीची आकडी, त्यासाठी पुन्हा चित्रण.

रानजाई

कंदीलशी सहमत. एवढीच भर: हे सगळं शोधून निघेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. तोवर आठवड्यातल्या दोन रात्री मूल दुसऱ्या कुणाजवळ झोपेल हे त्याच भेटीत, त्या माणसाच्या नावासकट ठरवून यायचं. त्या व्यक्तीला कुशीवर वळवणं आणि आकडीत काय करायचं हे दोनदा करून दाखवायचं, मग तिच्याकडून करून घ्यायचं. आणि पहिल्या रात्रीनंतर सकाळी फोन करायचा, आई झोपली का ते विचारायला.